रेणुकाबाईंची नक्षीदार पिस्तुलं

परभणीच्या एका मुलींच्या शाळेत रेणुकाबाईंनी सारी नोकरी चित्रकला शिकवण्यात काढली. कितीतरी मुलींना त्यांनी पानं काढायला शिकवली. पिंपळाचं पान, कर्दळीचं पान, लिंबाची डहाळी. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापक भाषणात म्हणाले की बाई शिस्तीच्या होत्या. चित्राबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना मागे राहिलेला धडा उरकायला मिळालेली सवड, अशीच त्या शाळेत सगळ्यांची समजूत होती. रेणुकाबाईंनी नारळ घेतला, शाल घेतली आणि घरी येऊन शाल भावजयीला देऊन टाकली.

त्यांचं जे काही स्वतःचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते एका खादीच्या पिशवीत मावत होतं.

त्याची सुरुवात पालमला झाली. सरकारी चित्रकला परीक्षेवर देखरेख करायला बाई तिकडे गेल्या होत्या. पेपर संपल्यावर एसटीला वेळ होता म्हणून बाजारातून चालल्या, तर एका भंगारवाल्याच्या ढिगात बिजागऱ्या, नांगराचे फाळ आणि मोडक्या समया यांच्यामध्ये त्यांना जुनं कुलूप दिसलं. उचलून पदरानं पुसलं तर कुलपावर पान उमटलं. लांब देठाचं, टोकाशी वळलेलं, आणि त्या वळणातून दुसरं पान फुटलेलं. लोखंडावरचं पान, पण वाऱ्यानं हलल्यासारखं. ज्यानं कोणी ते कोरलं होतं त्याचा हात कुठेही अडखळला नव्हता. मुलींच्या वहीत आयुष्यभर अडखळलेल्या रेषा तपासणाऱ्या बाईंना हे लगेच कळलं.

"कुलूप न्हाई बाई ते," भंगारवाला म्हणाला. "बंदुकीचं लेकरू हाय. मोठं झालंच न्हाई."

तळहाताएवढं पिस्तूल होतं ते. विक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात अशी खिशातली पिस्तुलं बनत. साहेबाच्या कोटाच्या खिशात, मडमेच्या हातातल्या बटव्यात बसावीत एवढीच. घोडा मागे ओढल्याशिवाय चाप बाहेर येत नाही, आत मिटून असतो. नळी बाटलीच्या बुचासारखी फिरवून काढता येते. आणि मधल्या चौकोनी पेटीवर, दोन्ही बाजूंना, नखाला जेमतेम लागेल एवढी उथळ नक्षी. हिंगोलीला इंग्रजांची छावणी होती, निजामाच्या जहागीरदारांना साहेब लोक भेटी देत, तशी ती या भागात येऊन पडली. पुढे पोलीस ॲक्शन झालं, हत्यारं जमा करा म्हणून दवंडी फिरली, तेव्हा भिऊन कोणी ती विहिरीत टाकली, कोणी धान्याच्या पेवात पुरली आणि विसरून गेले. आता विहिरींचा गाळ काढताना एखादं वर येई आणि भंगारात जाई. बाईंना ते शोधायचा नाद लागला. वीस-बावीस वर्षांत पाच मिळाली. फार नाहीत, पण मराठवाड्यात एखाद्या शिक्षिकेनं एसटीनं हिंडून जमवायची म्हटलं तर थोडीही नाहीत.

बाई ती घासत नसत. लोखंडावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग तसाच राहू द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण पानाची बारीक शीर त्या रंगामुळेच उठून दिसते, हे डोळ्यांना दिसत होतं. निंबाच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, तेवढ्यानंच खाचेतली माती काढायची, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब मलमलीच्या तुकड्यावर घेऊन फिरवायचा. एकदा दोन पिस्तुलं घेऊन त्या सरकारी कचेरीतही जाऊन आल्या होत्या, कायद्यानं काही करावं लागतं का विचारायला. तिथला कारकून हसला. म्हणाला, "बाई, ह्यानं उंदीर तरी मरंल का? न्या घरी." त्या घरी घेऊन आल्या.

घर म्हणजे धाकट्या भावाच्या घरामागच्या दोन खोल्या. बाईंचं लग्न झालं नव्हतं. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळली, धाकटा आबा शाळेत होता. जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र होई, आणि नवं पिस्तूल मिळालं की बाई जेवताना त्याची हकीकत सांगत. कुठे मिळालं, कोणाकडून, त्यावर काय कोरलंय. आबासाहेब एका हातानं जेवत आणि दुसऱ्या हातानं मोबाईल चाळत. भावजय राजेश्री "हो का वन्सं" म्हणे आणि भाकरी वाढे. आपण भिंतीशी बोलतोय असं बाईंना वाटे, तरी त्या सांगत. दुसरं कोणाला सांगणार?

आबासाहेबांचं बियाणं-खताचं दुकान होतं. आधी दुकानात गिऱ्हाईक बसे, मग कार्यकर्ते बसू लागले. नावही आधी नुसतं आबा होतं, चौकातल्या बोर्डावर चढल्यावर आबासाहेब झालं. मूळ गाव ताडकळसकडचं. आजोबा जिनिंगमध्ये कापूस तोलत. त्या घरात हत्यार म्हणावं तर विळा, खुरपं आणि आजीचा अडकित्ता. खंडेनवमीला याच तीन वस्तू पाटावर मांडून पूजा होई. पुढे त्यात मोटारसायकलची किल्ली आली, दुकानाचा कॅल्क्युलेटर आला. आणि चार वर्षांपूर्वी आबासाहेब म्हणाले, "अक्का, तुझं एखादं पिस्तूल दे गं. पाटाला शोभा येईल." बाईंनी दिलं. पुढच्या वर्षी दोन गेली. पाटाचा फोटो मोबाईलवरून गावभर फिरला, आणि लोक आबासाहेबांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

या खेपेला निवडणूक तोंडावर होती. घट बसले त्या आठवड्यात आबासाहेब मागच्या खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"अक्का, औंदा पाचीच्या पाची लागतील."

"कशाला?"

"दुकानापुढं मांडव घालून शस्त्रपूजन ठेवलंय. वरचे लोक यायलेत. तिकिटाचं बोलणं त्याच दिवशी हाय."

"मागल्या वर्षीचं कुंकू खाचेतून काढायला मला दिवाळी आली."

"कुंकवानं पिस्तूल मरतंय व्हय? आन् मेलं तरी काय, जिवंत कवा होतं?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "एका अटीवर नेतोस का?"

"बोल की."

"तिथं सांगायचं की ही अक्कानं जमवलीत. एवढंच. दुसरं काही नको."

"सांगतो की. माईकवर सांगतो. त्यात काय?"

त्यात काय होतं ते बाईंना माहीत होतं. सबंध आयुष्यात त्यांचं म्हणून कोणी काही ओळखलं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे त्या रंगवायच्या आणि आभार मानले जायचे मंडपवाल्याचे. आबाची फी, आईची औषधं, या घराच्या अर्ध्या भिंती, यातल्या कशावरही त्यांचं नाव नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं. पण ही पाच पिस्तुलं त्यांनी डोळ्यांनी शोधली होती. दुसऱ्या कोणाला जे कुलूप दिसलं असतं त्यात त्यांना पान दिसलं होतं. एवढं एकदा चारचौघांत कोणीतरी म्हणावं, ही एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती, आणि साठी उलटल्यावर ती त्यांना लाजिरवाणी वाटेना.

दरवर्षी त्या स्वतः नवमीला पाटावर पिस्तूल नेऊन ठेवत. या खेपेला मांडवासाठी अष्टमीच्या सकाळीच त्यांनी पिशवी आबासाहेबांच्या हातात दिली. "धुवायची नाहीत, घासायची नाहीत. वरून फूल ठेवायचं, बस."

"बरं बरं," म्हणत आबासाहेबांनी पिशवी नेली, देवघराच्या ओट्यावर ठेवली आणि मांडववाल्याचा फोन आला म्हणून बाहेर पडले.

राजेश्री कष्टाळू बाई. नवमीची पूजा म्हणजे अष्टमीला घरातलं झाडून सगळं पितळ चिंचेनं उजळायचं, ही तिच्या माहेरची रीत आणि सासरचीही. तांब्या, समई, घंटा, ताम्हण झालं, मग तिनं पिशवी उघडली. आत काळीकुट्ट पाच लोखंडं. मोठमोठे लोक येणार आणि त्यांच्यापुढे हे असं मांडायचं? तिनं चिंच कोळली, मीठ घातलं, चुलीतली राख घेतली. एवढ्यानं निघेना तेव्हा तारेची घासणी घेतली. दुपारचं जेवण टळून गेलं तरी ती उठली नाही.

नवमीला रेणुकाबाई इरकली नेसून मांडवात बायकांच्या खुर्च्यांत बसल्या. शेजारी त्यांच्याच शाळेत हिंदी शिकवलेल्या कमलबाई होत्या, त्यांना बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. पुढे टेबलावर भगवं कापड, त्यावर दोन भाड्यानं आणलेल्या तलवारी आणि मध्ये काहीतरी पांढरं चकाकत होतं. नळाच्या तोट्या असाव्यात तसं. बाईंना वाटलं, आपली अजून मांडायची असतील.

"ती कुठायत तुझी?" कमलबाईंनी विचारलं.

रेणुकाबाई उठल्या, ताटातलं झेंडूचं फूल घेतलं आणि पूजेला आल्यासारख्या टेबलापाशी गेल्या. तोट्या नव्हत्या. पालमच्या पिस्तुलावर देठाचा थोडासा माग उरला होता, तो माहीत असलेल्यालाच दिसला असता. बाकीची गुळगुळीत होती. एकाच्या मुठीवरची लहानशी चांदीची टिकली निखळून गेली होती आणि तिथे चिंचेचा चोथा अडकला होता. कुणीतरी लावलेलं कुंकू लोखंडावरून ओघळलं होतं, कारण ते धरून ठेवायला आता खाच नव्हती.

तेवढ्यात माईक खरखरला. आबासाहेब बोलू लागले.

"मंडळी, ही शस्त्रं बगून घ्या. आमच्या वाडवडिलांनी रझाकाराच्या वक्ताला ह्याच पिस्तुलांनी गावाची राखण केली. आमच्या रक्तातच हाय ते."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या एकानं पिस्तूल उचलून कपाळाला लावलं आणि लोकांनी मोबाईल उंचावले. बाई फूल हातात धरून तशाच उभ्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "आजी, बाजूला व्हा जरा, फोटोत यायलाव."

घरी आल्यावर राजेश्री दारातच भेटली. "वन्सं, बघितली का कशी उजळली? बोटं सोलली बगा माझी." तिनं दोन्ही हात पुढे केले. खरंच सोलली होती. चिंचेनं लाल झाली होती. बाईंनी ती बोटं पाहिली. "खोबरेल लाव," एवढं म्हणून त्या मागे गेल्या.

संध्याकाळी आबासाहेब पिशवी द्यायला आले. ते खुशीत होते.

"तू सांगणार होतास," बाई म्हणाल्या.

"अगं अक्का, एवढ्या लोकांत 'बहिणीनं भंगारातनं येचून आणली' म्हणून सांगत्यात का? हसले असते लोक. वाडवडलांची म्हटलं की कसं वजन पडतं."

"आपले आजोबा रझाकारांच्या वेळी बैलगाडीखाली लपले होते. आजी सांगायची."

"ते तुला ठावं, मला ठावं. मांडवाला कशाला?"

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. मांडवातली चित्रफीत फिरत फिरत कोणा विरोधकाकडे पोचली होती आणि त्यानं ती ठाण्यात नेऊन दाखवली होती. विनापरवाना पिस्तुलं, जाहीर प्रदर्शन. फौजदार तरुण होता, नीट बोलणारा. ओसरीवर बसला, पाणी घेतलं आणि विचारलं, "आबासाहेब, ही हत्यारं तुमच्या वाडवडिलांची, असं तुम्हीच म्हणालात. परवाना?"

आबासाहेबांनी एकदा राजेश्रीकडे पाहिलं, एकदा फाटकाबाहेर जमलेल्या माणसांकडे.

"साहेब, ते भाषणात बोलावं लागतं. माझी न्हाईत ती. ही आमची अक्का, हिची हायती. हिला नाद हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे हिनंच गोळा केलीत. एक पालमच्या भंगारातलं, ते पानाचं. एक ताडकळसला पाटलाच्या विहिरीतून निघालं, त्याच्यावर कुत्रं कोरल्यालं हाय आन् कुत्र्याच्या तोंडात पाखरू. एक हिंगोलीच्या रिटायर पोस्टमास्तरानं दिलं. जिंतूरच्या घड्याळवाल्याकडचं एक, त्याची नळी फिरत न्हाई. आन् ते चांदीच्या टिकलीचं अत्तरवाल्याच्या म्हातारीकडनं आणलं, ती पानदानात ठेवायची. सगळं सांगायची आमाला जेवताना. माझा काई संबंध न्हाई साहेब."

रेणुकाबाई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या. एकही गोष्ट चुकली नव्हती. कुत्र्याच्या तोंडातलं पाखरूसुद्धा. म्हणजे भिंत नव्हती ती. इतकी वर्षं तो ऐकत होता, त्याला सगळं पाठ होतं, आणि मांडवात माईक हातात असताना त्याला जे आठवलं नाही ते आज फौजदारापुढे न अडखळता आठवत होतं.

फौजदार बाईंकडे वळला. "बाई, चित्रफितीत तर हे वाडवडिलांची म्हणतात. तुम्ही सांगा. कोणाची आहेत?"

राजेश्रीनं हातातलं तांब्याभांडं घट्ट धरलं होतं. आबासाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. 'वाडवडिलांची' असं बाई म्हणाल्या असत्या तर तिकीट गेलं असतं, आणि जे व्हायचं ते दोघांचं मिळून झालं असतं. ते शब्द त्यांच्या ओठांवर आलेही होते. पण हा प्रश्न त्यांना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता.

"माझी आहेत," त्या म्हणाल्या. "मी जमवलीत."

पंचनामा झाला. प्रत्येक पिस्तुलाला सुतळी बांधून चिठ्ठी लावली, गोणपाटात गुंडाळून लाखेचं सील केलं. बाईंना ठाण्यात नेलं, जामिनावर सोडलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'निवृत्त शिक्षिकेकडून पाच गावठी कट्टे जप्त'. खाली त्यांचं संपूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. जुन्या विद्यार्थिनींच्या मोबाईलवर ती बातमी गेली. कोणीतरी लिहिलं, बाई तेव्हाही कडकच होत्या.

कमलबाई भेटायला आल्या. "रेणुका, आता तरी गावाला तुझं नाव कळलं," त्या म्हणाल्या. त्यांना विनोद करायचा होता. बाईंनी चहा ओतला. "कट्टे म्हटलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "इंग्लंडात बनलेली होती ती. एवढं तरी विचारायचं."

आबासाहेबांचं मात्र काही बिघडलं नाही. पहिले चार दिवस ते दबून होते. मग पानटपरीवर कोणी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं की कायद्यापुढं आपण सख्खी बहीणसुद्धा बघितली न्हाई. ते लोकांना आवडलं. पुढे भाषणातही आलं. तिकीट मिळालं, निवडून आले, आणि गुलालानं बाईंच्या खोलीकडे जाणारी फरशी पार पावसाळ्यापर्यंत गुलाबी राहिली.

बाईंच्या कोर्टाच्या तारखा चालू होत्या. त्या रिक्षानं जात, बाकावर बसत, पुढची तारीख घेऊन येत. आबासाहेबांनी वकील दिला होता, पण स्वतः कधी आले नाहीत. नगरसेवकानं कोर्टात दिसणं बरं नाही, असं वकीलच म्हणाला. त्या दिवसांत बाईंनी एकदा कागद घेऊन पालमचं पान आठवून काढायला घेतलं. डोळे मिटले की ते समोर दिसे. पेन्सिल टेकवली की हाताला फळ्यावरचं पान येई, मुलींना शिकवलेलं, सरळ शिरेचं. पुन्हा काढलं तरी तेच. त्यांनी कागद घडी करून चुलीजवळच्या रद्दीत टाकला.

शेवटी तपासणीचा अहवाल आला. हत्यारं जुनी, गंजलेली, वापरण्याजोगी नाहीत. कोर्टानं बाईंना मोकळं केलं आणि माल मूळ मालकास परत करावा असा हुकूम दिला. पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या भाद्रपदात त्या ठाण्यात गेल्या. धम्मशीला नावाच्या शिपाई बाईंनी गोणपाट सोडून दिला. "मूळ मालक म्हणून सही करा, मावशी," त्या म्हणाल्या. रेणुकाबाईंनी सही केली. मुद्देमालाच्या खोलीतल्या दमट हवेनं उघडं पडलेलं लोखंड गंजलं होतं. राखेनं घासलेल्या जागी तांबड्या पुटकुळ्या आल्या होत्या.

तरी त्या संभाजीनगरला जाऊन एका संग्रहालयातल्या अधिकाऱ्याला ती दाखवून आल्या. भला माणूस होता. त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"कोणी घासली?"

"घरच्यांनी."

"पूजेला?"

"हो."

"नेहमीचं आहे," तो म्हणाला. "कसबी माणूस होता हे कोरणारा, देठाच्या एवढ्याशा तुकड्यावरून कळतंय. पण बाई, आता दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. ठेवून घेता येणार नाहीत."

त्याच वर्षी नवरात्रात आबासाहेब मागच्या खोलीत आले. आता ते पांढरे कपडे घालत आणि कपाळाला गंध लावत. पलंगाच्या कडेवर न बसता खुर्ची ओढून बसले.

"अक्का, सुटली म्हणं पिस्तुलं."

"हो."

"कोर्टाचा कागद हाय आता. कुणाच्या बापाची भीती न्हाई. औंदा परत मांडव घालायलोय." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "मागं माझं चुकलं. ध्येनात हाय माझ्या. औंदा माईकवर पैल्यांदा तुझं नाव घेतो. आमच्या अक्कानं उभ्या जन्मात जमवलीत म्हणतो. तुला पुढं बसवतो, शाल देतो. लोकांना आवडंल ते."

तो खोटं बोलत नव्हता. तो खरंच म्हणणार होता, आणि लोकांना ते आवडणारही होतं. बाईंनी कपाटातून पिशवी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ने. पण माझं नाव घेऊ नकोस."

"का गं? तूच म्हणली होतीस."

"माझी होती त्यांच्यावर पानं होती. ही नुसती लोखंडं आहेत. वाडवडिलांचीच म्हण."

आबासाहेबांनी अक्काकडे जरा रोखून पाहिलं. मग त्यांना ते सोपंच पडलं. पिशवी काखेत मारून ते उठले, दारात चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "राजेश्रीला चहा पाठवाय सांगतो," आणि जाताना तिला चिंच भिजत घालायलाही सांगून गेले.